स्वस्त तबकडीचा प्रवास

पाच युरोच्या एलपीला आणि शंभर युरोच्या एलपीला जर्मनीहून पुण्याला यायला टपाल सारखंच पडतं. वजन तेच, खोका तोच, विमानही तेच. समजा वीस युरो. शंभराच्या तबकडीवर तो पाचवा हिस्सा झाला आणि पाचाच्या तबकडीवर चौपट. टपालाचे दर चढत गेले तसतसा हा साधा हिशेब रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या कपाटात शिरला. महाग तबकड्या अजूनही येतात. स्वस्त यायच्या थांबल्या.

बाहेरच्या माणसाला यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. चांगल्या वस्तू येताहेत ना, मग झालं. पण रेकॉर्डच्या बाजारात स्वस्त ती हलकी असा नियम नाही. परदेशातल्या एखाद्या दुकानदाराने ख्यालाच्या एलपीला पाच युरो लावले याचा अर्थ एवढाच, की त्याच्या गिऱ्हाइकांत ते ऐकणारं कोणी नाही. त्याच्याकडे ती पडून आहे, फळीवरची जागा अडवते आहे. इकडे सदाशिव पेठेत तिच्यासाठी जीव टाकणारी चार माणसं असतात. एका गावाला नको असलेली आणि दुसऱ्या गावाला हवी असलेली अशी ती तबकडी, आणि त्या दोन गावांमध्ये होतं ते परवडणारं टपाल. ते गेलं की तबकडीही तिथेच राहते. पुढे दुकान बंद होतं, मालक म्हातारा होतो, माल रद्दीत जातो.

माझ्या कपाटातल्या ज्या तबकड्यांनी मला खरोखर काही शिकवलं, त्या बहुतेक अंदाजाने मागवलेल्या. गायक ओळखीचा नाही, पण राग अनवट आहे. वादक माहीत आहे, पण तबल्यावर कोण ते ऐकायचं आहे. कव्हरवर नुसता एक फोटो आणि बैठकीचं गाव. पाच युरोची वस्तू आणि थोडं टपाल एवढं घालून असा कौल लावता यायचा. कौल चुकला तरी घरात एक तबकडी वाढायची, आणि ती दोन वर्षांनी कधीतरी वेगळ्या कानांनी ऐकू यायची. आता त्याच कौलाला पंचवीस युरो आणि वर कस्टमची ड्युटी. इतके पैसे घालताना माणूस खात्रीचंच मागवतो: रविशंकर, बिस्मिल्ला खाँ, जे आधीच गाजलेलं आहे ते. म्हणजे टपालखर्चाने नुसती माझी खरेदी कमी केली नाही, माझा कान अरुंद केला. मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं.

आपल्याच संगीताच्या तबकड्या परदेशातून कशाला मागवायच्या, असं मला पुष्कळ लोक विचारतात. उत्तर थोडं लांब आहे. १९५५ साली अली अकबर खाँ यांची 'म्युझिक ऑफ इंडिया: मॉर्निंग अँड ईव्हनिंग रागाज' ही एलपी अमेरिकेत निघाली, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी बोललेल्या प्रस्तावनेसह. तोवर आपलं रागसंगीत ७८ आरपीएमच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत आटपायचं. एलपीमुळे राग सलग वीस मिनिटं वाजायला मोकळा झाला, आणि त्या मोकळिकीची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली. पुढे पॅरिसमध्ये रेडिओ फ्रान्सच्या 'ओकोरा'ने, वेल्सच्या सीमेजवळ 'निम्बस'ने, लंडनमध्ये 'नवरस'ने, कॅलिफोर्नियात 'वॉटर लिली अकूस्टिक्स'ने आपल्या कलाकारांना मन लावून ध्वनिमुद्रित केलं. तिकडच्या सभागृहांतल्या आणि स्टुडिओंतल्या या मैफली. गाणारे-वाजवणारे इथले, फिती आणि हक्क तिथले. त्यांतल्या फार थोड्या आपल्याकडच्या दुकानांत पोहोचल्या.

निम्बसने १९९९ साली रॉटरडॅमच्या संगीत महाविद्यालयाबरोबर 'द रागा गाइड' काढलं, ते माझं फार आवडतं. चार सीडी, ७४ राग आणि एक जाड पुस्तक. प्रत्येक राग मोजक्या मिनिटांत, जुन्या तबकड्यांसारखा, पण चेहरा पूर्ण दिसेल असा. बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची, सरोद बुद्धदेव दासगुप्ता यांचा आणि गायन श्रुती सडोलीकर-काटकर व विद्याधर व्यास यांचं. श्रुतीताई वामनराव सडोलीकरांच्या कन्या, विद्याधरजी नारायणराव व्यासांचे चिरंजीव. दोन्ही घरांची मुळं कोल्हापूरची. कोल्हापूरच्या मातीतले हे दोन गळे ब्रिटिश कंपनीच्या सीडीवर आहेत, आणि कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याला जुनी प्रत हवी असेल तर ती बहुधा ब्रिटनमधल्या कुणाच्या तरी कपाटातून यावी लागेल. पुस्तकाच्या वजनाने टपाल असं चढतं, की विकणारा सुचवतो: सीडी तेवढ्या पाठवतो, पुस्तक राहू द्या.

पुस्तक कसं राहू द्यायचं? रागाचं चलन, त्याचं वर्णन, बंदिशीचे शब्द आणि स्वरलेखन त्यात आहे. शिकणाऱ्याला पुस्तक आणि सीडी शेजारीशेजारीच लागतात.

अर्थात गाण्याने समुद्र ओलांडणं आपल्याकडे पहिल्यापासून आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला, त्याने गौहर जानला ध्वनिमुद्रित केलं. मुद्रणाचं मेण जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला गेलं, तिथे तबकड्या दाबल्या गेल्या आणि पुन्हा जहाजाने भारतात विकायला आल्या. गाणं संपल्यावर गौहर जानने आपलं नाव इंग्रजीत उच्चारलं आहे, ते या हॅनोव्हरच्या कामगारांसाठी. कोणत्या तबकडीवर कोणाचं लेबल चिकटवायचं ते त्यांना कळायला हवं होतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या पहिल्या तबकड्याही याच वाटेने आल्या. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

आणि त्या तबकड्यांतली लाख? ती पळस, कुसुम, बोर या आपल्या झाडांवरची. छोटा नागपूरकडची लाख कलकत्त्याच्या बंदरातून जगभर जायची, आणि तबकडी होऊन परत यायची. दुसऱ्या महायुद्धात ही वाट धोक्यात आली, लाख युद्धसामग्रीलाही लागू लागली. अमेरिकेने १९४२ मध्ये तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर ७० टक्के कपात लावली. नवी रेकॉर्ड हवी असेल तर जुन्या आणून द्या, त्या दळून नव्या करू, असं दुकानदार सांगू लागले. किती गाणी त्या चक्कीत गेली असतील! जहाजांची वाट अडली की कुठलं गाणं उरणार आणि कुठलं नाही हे बदलतं, ते असं. आज चक्की नाही, पण पडून राहिलेल्या स्वस्त तबकड्यांचा शेवट फार वेगळा होत नाही.

टपाल महागलं कसं, हे मी बरंच वाचून समजून घेतलं, कारण नुसतं 'महागाई' म्हणून सोडून देणं मला पटत नव्हतं. १८७४ साली बर्न इथे काही राष्ट्रं एकत्र आली आणि टपालापुरता आपला सगळा मुलूख एकच आहे असं त्यांनी ठरवलं. माणसांनी केलेल्या करारांत इतका उदार करार मला दुसरा माहीत नाही. तिकीट आपल्या गावात लावायचं आणि पत्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचवण्याची हमी घ्यायची. भारत १८७६ मध्ये त्यात आला. परक्या देशातला पोस्टमन आपलं पाकीट वाटतो त्याचा मोबदला त्या देशाला किती द्यायचा, हे ही संघटना ठरवत आली. लहान पाकिटांसाठी तो दर बराच कमी होता, आणि त्या कमी दराच्या आधारावर जगभरचे छांदिष्ट लोक एकमेकांना तबकड्या, बिया, तिकिटं, पुस्तकं पाठवत होते. मग ऑनलाइन व्यापार वाढला, चीनमधून अमेरिकेत लहान पाकिटांचा लोंढा सुरू झाला आणि हा दर अमेरिकेला परवडेनासा झाला. तिने संघटना सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला खास अधिवेशन भरलं, तडजोड झाली: आपल्या देशात येणाऱ्या लहान पाकिटांचा दर ज्याने त्याने स्वतः जाहीर करावा, अमेरिकेने जुलै २०२० पासूनच, इतरांनी त्यानंतर टप्प्याटप्प्याने. अमेरिकेची तक्रार खोटी नव्हती, हे मी मान्य करते. पण मोबाइलची लाखो कव्हरं आणि एका म्हाताऱ्या संग्राहकाने पाठवलेली एक एलपी यांत फरक करण्याची तसदी त्या तडजोडीत कोणी घेतली नाही.

त्याच सुमारास कोविड आला. जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा, ती विमानंच धावपट्टीवर उभी राहिली. जपान पोस्टची एक सोय होती, जहाजापेक्षा जलद आणि विमानापेक्षा स्वस्त. जपानी छापाच्या एलपी जमवणाऱ्यांचा तो आधार, तोही तेव्हा तुटला. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि युरोप यांच्यामध्ये कस्टमची भिंत उभी राहिली, त्याच वर्षी जुलैपासून युरोपने बाहेरून येणाऱ्या लहान पार्सलांवरची करमाफी काढली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दर वेळी कारण निराळं होतं. दर वेळी छोटा विक्रेता आपल्या यादीखाली एक ओळ वाढवायचा: फक्त देशांतर्गत पाठवतो.

कुरियरचा हिशेब तर आणखी वेगळा. तो वजन घेतो आणि आकारमानही घेतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पाच हजारांनी भागायची, जे येईल ते किलो. आता एलपी नीट कशी पाठवतात ते पाहा. जाणता विक्रेता तबकडी कव्हरमधून बाहेर काढतो, नाहीतर वाटेतल्या धक्क्यांनी ती आतून कव्हरची शिवण फाडते. तबकडी आणि कव्हर शेजारी ठेवतो, दोन्ही बाजूंनी पन्हळी पुठ्ठा लावतो, एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनच वाकत नाही. ७८ ची लाखेची तबकडी असेल तर एका खोक्यात दुसरा खोका आणि मध्ये चुरगळलेला कागद, कारण ती काचेसारखी फुटते. असा काळजीने बांधलेला खोका समजा चाळीस बाय चाळीस बाय दहा. गुणाकार सोळा हजार. भागाकार ३.२ किलो. आत तबकड्या दोन, खरं वजन किलोभर. बाकीचे पैसे हवेचे. जितकी काळजी जास्त तितकी हवा जास्त, तितकं बिल मोठं. म्हणून विक्रेते पातळ बांधू लागले. मला आलेल्या गेल्या काही पार्सलांत कव्हरचे कोपरे मोडलेले होते, पण त्या विक्रेत्यांना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. ते माझेच पैसे वाचवत होते.

सीडीचं आणखी वाईट झालं. तिची प्लास्टिकची डबी आतल्या चकतीपेक्षा कितीतरी जड, म्हणून विकणारा विचारतो, डबी काढून पाठवू का? आपण हो म्हणतो. मग मागचा कागद दुमडतो, पुस्तिका वाकते. पुस्तिकेतच तर सगळं असतं: तानपुऱ्यावर कोण बसलं होतं, हार्मोनिअम कुणाची, मैफल कुठल्या सभागृहात आणि कुठल्या साली झाली. "सगळं यूट्यूबवर आहे की!" हे वाक्य मी इतकं ऐकलं आहे. सगळं नाही, हे एक. आणि जे आहे, त्यातलं बरंच अशाच कुणी संग्राहकाने टपाल भरून मागवलेल्या तबकडीवरून चढवलेलं आहे, हे दुसरं. मुंबईतली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' १९९० पासून अशाच जमवलेल्या तबकड्यांवर काम करत आली. जुन्या मुद्रणांच्या याद्या, तारखा, मॅट्रिक्स क्रमांक. ऑस्ट्रेलियात बसून मायकेल किनियरने भारतातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांची सूची केली. तबकडी हातात आल्याशिवाय तिच्या गाभ्याजवळ कोरलेला हा मॅट्रिक्स क्रमांक वाचता येत नाही. हे ज्ञान टपालातून, हातोहात उभं राहिलं आहे.

परदेशात नातेवाईक असले तर एक आडवाट असायची. कोणीतरी भेट म्हणून पाठवायचं, ठराविक रकमेपर्यंतच्या भेटीला कर नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या पार्सलांची ही सवलत बंद केली. अपवाद दोन ठेवले: जीवरक्षक औषधं आणि राखी. चिनी दुकानं 'भेट' असा शिक्का मारून माल पाठवत होती, त्याला आळा घालायचा होता, ते योग्यच. आता ड्युटी लागते आणि ती लावताना टपालखर्चाचाही काही भाग वस्तूच्या किमतीत धरतात. म्हणजे टपाल वाढलं की करही वाढतो.

उरली माणसांची बॅग. माझी भाची न्यू जर्सीत असते. येण्याच्या महिनाभर आधी फोन करते.

"मावशी, या वेळी एकच आणीन हं. एलपी केबिनच्या बॅगेत उभी राहत नाही, आणि मोठ्या बॅगेत ठेवली तर माझाच जीव टांगणीला लागतो."

"अगं, एकच आण. पण मधल्या कपड्यांत ठेव, कडेला नको."

"आणि परत जाताना माझी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला किती किलो होतो ते आधी बघ, मग तुझ्या तबकड्यांचं पार्सल मला दे."

कारण मीही तिच्याबरोबर तबकड्या पाठवते. तिकडे मराठी नाट्यसंगीतावर जीव असलेली माणसं आहेत. बालगंधर्वांच्या, हिराबाई बडोदेकरांच्या ७८ च्या तबकड्या पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात अजून हाताला लागतात, आणि त्यांना त्या तिकडे हव्या असतात. पूर्वी मी पोस्टाने पाठवायचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी रद्द केली, कर कोणी आणि कसा गोळा करायचा हे टपालखात्यांना कळेना, आणि अनेक देशांनी अमेरिकेकडची पार्सलं घेणंच थांबवलं. भारतीय टपाल २५ ऑगस्टपासून थांबलं ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. यात मला लागून राहिलेली गोष्ट अशी, की पुस्तकं आणि रेकॉर्ड त्या नव्या आयातकरांतून वगळलेल्याच होत्या. विचार आणि कला यांच्या देवाणघेवाणीवर अशी बंधनं घालू नयेत असं तिकडच्या कायद्यात १९८८ पासून आहे. चांगला, दूरदृष्टीचा कायदा. पण खिडकीच बंद असल्यावर त्या सवलतीचा काय उपयोग? ज्या एका बाईंना मी हिराबाईंची तबकडी पाठवणार होते, त्यांचं वय नव्वदीकडे झुकलेलं आहे. सात आठवडे त्यांना फार होते.

या सगळ्यात एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही, की रेकॉर्ड जमवणाऱ्याला घाई नसते. जी तबकडी पन्नास वर्षं कुणाच्या माळ्यावर होती, ती आणखी चार महिन्यांनी आली तर काय बिघडतं? मला वेग नको आहे. मला मंद, स्वस्त, जहाजाने येणारं टपाल हवं आहे. पण तेच नाहीसं होत चाललं आहे. अमेरिकेच्या टपालखात्याने परदेशी जाणारं जमिनी-समुद्री टपाल २००७ मध्ये बंद केलं, आणि त्यानंतर तिथून काहीही पाठवायचं तर विमानानेच. म्हणजे जो वेग आम्ही मागितला नाही त्याचे पैसे आम्ही भरतो. त्याच देशात अंतर्गत टपालाला पुस्तकांसाठी १९३८ पासून सवलतीचा दर आहे आणि आज त्यात ध्वनिमुद्रिकाही येतात. एक एलपी न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला काही मोजक्या डॉलरांत जाते. ज्ञान आणि करमणूक सामान्य माणसाला परवडली पाहिजे, हा विचार तिथे झाला, तो सीमेवर येऊन थांबला. बर्नच्या करारासाठी बसलेल्या माणसांना मुलूख एक दिसत होता. पुस्तकं आणि तबकड्या यांच्यापुरता तो पुन्हा एक करावा, सावकाश जहाजाने जाणारा एक दर सगळ्या देशांनी मिळून ठेवावा, एवढी माझी मागणी आहे. त्यात कुणाच्या उद्योगाला धक्का बसत नाही.

तोवर आम्ही पुण्यातले काही जण मिळून मागवतो. जर्मनीतला एक विक्रेता आमच्या तबकड्या बाजूला ठेवत जातो, पुरेसं वजन झालं की एकच मोठं पार्सल निघतं, आणि टपाल व ड्युटी प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे वाटली जाते. मोठ्या पार्सलात एका एलपीच्या वाट्याला टपाल खूपच कमी येतं. पहिल्या पार्सलानंतर आम्ही एक नियम केला: प्रत्येकाने आपल्या यादीत एक तरी अशी तबकडी घालायची, जिच्यातला कलाकार आमच्यातल्या कुणीही ऐकलेला नाही, आणि तिची किंमत पाच युरोच्या वर असता कामा नये. तिचे पैसे सगळ्यांनी मिळून भरायचे आणि ती पाळीपाळीने सगळ्यांच्या घरी जायची. गेल्या वेळी त्यात एक सुरबहार निघाला, सबंध बाजूभर नुसती आलापी, आणि वादकाचं नाव कव्हरवर असूनही आमच्यातल्या सगळ्यात जाणत्या माणसाला तो कुणाचा शिष्य ते सांगता आलं नाही. ती अजून फिरतेच आहे. सध्या कर्वेनगरला आहे. पुढच्या पार्सलाचं वजन साडेचार किलोवर गेलं आहे. पाच किलोचा टप्पा गाठायच्या आत आणखी दोन एलपी बसतात, आणि त्या दोन्ही स्वस्तातल्या घ्यायच्या असं ठरलं आहे.